पाळीत पोट दुखतंय? शेक आणि काढ्याच्या या चुका टाळा

बेळगावात टिळकवाडीला माझ्याकडे कॉलेजच्या पाच-सहा मुली राहायला असतात. खानापूर, निपाणी, चंदगडकडच्या. दर महिन्याला कुणीतरी पोट धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी असते, "मावशी, पिशवी कुठं ठेवलाय?" म्हणत. शेकायची पिशवी द्यायला माझी ना नाही. ती भरतात कशी, ते बघून जीव वर येतो.

मागं एकदा आषाढात लाइट गेलेले, बाहेर धो धो पाऊस. एका पोरीनं गॅसवरचं खदखदतं पाणी थेट रबरी पिशवीत तोंडापर्यंत ओतलं आणि पिशवीवर पालथी झोपली. बूच सुटलं, मांडी भाजली. मी पोचेपर्यंत मैत्रीण टूथपेस्ट चोपडायला लागली होती! ट्यूब हिसकावली आणि पाय २० मिनिटं नळाखाली धरायला लावला. तरी फोड आलेच, सकाळी दवाखाना गाठावा लागला. पोट दोन दिवसांत थांबलं, मांडीनं तीन आठवडे घेतले.

शेकाला उकळतं पाणी लागतच नाही, ४० अंशांच्या आसपासची ऊब पुरते. गिझरचं पाणी घ्या. लाइट नसले तर उकळत्यात नळाचं मिसळा. पिशवी दोन-तृतीयांशच भरायची, दाबून आतली हवा काढायची, मग बूच. वर टॉवेल गुंडाळायचा, आणि पिशवी पोटावर ठेवायची, पोट पिशवीवर नाही. पंधरा-वीस मिनिटांनी थोडी विश्रांती. रात्रभर कवटाळून झोपणाऱ्यांच्या ओटीपोटावर तपकिरी जाळी उमटते, ती लवकर जात नाही. रबराला चिरा पडल्या असतील तर पिशवी फेका की, सांभाळून काय करणार?

दुसरी चूक उशिराची. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन सुटतं. त्यानं स्नायू आवळतात, रक्त कमी पोचतं आणि कळा येतात. त्याचा जोर पहिल्या एक-दोन दिवसांत. पोरी मात्र कण्हायची वेळ आली की शेक घेणार आणि दहा मिनिटांत "काहीच होईना" म्हणणार. मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेन्सिलीनं टिंब करून ठेवते. ओटीपोट जड वाटलं की लगेच शेक. डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर तीही तेव्हाच, काहीतरी खाऊन. अल्सर, किडनी किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी मैत्रिणीच्या पर्समधली गोळी घ्यायची नाही.

काढ्यात तर सगळ्यांना घाई. मूठभर ओवा उकळून प्यायलेली एक पोर रात्रभर छातीतली जळजळ घेऊन बसली होती. माझं माप अर्धा चमचा ओवा, कपभर पाणी. त्यानं गॅस सुटतो. कळा थांबतात असं मी म्हणणार नाही. सुंठीचा उपयोग होतो, पण पहिले तीन दिवस, दिवसाला पाऊण ते दोन ग्रॅम. चहाचा सपाट चमचा म्हणजे जवळपास दोन ग्रॅम झाले. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

दही-लोणचं बंद करून कळा थांबत नाहीत. अंघोळ टाळू नका, कढत पाण्यानं उलट बरं वाटतं. दिवसभर अंथरुणात पडून राहण्यापेक्षा गच्चीवर चार फेऱ्या मारा.

आणि "लग्न झालं की थांबतं" हे वाक्य माझ्या घरात चालत नाही. निपाणीकडची एक मुलगी दर महिन्याला तीन दिवस कॉलेज बुडवायची. दुखणं पाळीच्या आधीच सुरू, पाळी संपली तरी चालू, आणि दर वर्षी वाढतं. घरी सगळे हेच वाक्य म्हणत. असं असेल, तासातासाला पॅड बदलावं लागत असेल, ताप असेल, किंवा पाळी आलीच नाही आणि एका बाजूला दुखत असेल, तर शेक घेत बसायचं नसतं. तिच्या आईला बोलावून घेतलं, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेलं. एंडोमेट्रिओसिस निघालं, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाच्या बाहेर वाढलेला.

संध्याकाळी तिच्या आज्जीचा फोन आला. सगळं नीट ऐकून घेतलं, मग हळूच म्हणाली, "मग मला पण तेच होतं काय की गं?"