घरामागची दरड: पावसाळ्याआधी करायची कामे

कोकणात घराला जागा काढण्यासाठी डोंगर जेसीबीने उभा कापतात आणि मे महिन्यात ती कापणी ताठ उभी दिसल्यामुळे तिच्याविषयी कोणालाच शंका येत नाही. किंचित ओलसर मातीचे कण ज्या बळाने एकमेकांना धरून असतात, ते बळ पाणी मुरताच नाहीसे होते. माळीण (३० जुलै २०१४), तळीये (२२ जुलै २०२१) आणि इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) या तिन्ही दुर्घटना जुलैच्या मुसळधार पावसातच घडल्या. म्हणून कामाची सुरुवात पाण्यापासून करावी. भिंतीचा विचार नंतर.

पाण्याचा परिणाम आकड्यांत पाहण्याजोगा आहे. चिकटपणा नसलेल्या मातीचा घर्षणकोन (कोरडी माती केवळ घर्षणावर ज्या कमाल उतारावर टिकते तो कोन) ३२ अंश व उतार २५ अंश असेल, तर कोरड्या स्थितीत सुरक्षा गुणांक (मातीला धरून ठेवणारे बळ भागिले तिला खाली ओढणारे बळ) सुमारे १.३४ येतो, तोच उतार पृष्ठभागापर्यंत भिजून पाणी उताराला समांतर झिरपू लागले, की गुणांक जवळपास निम्मा होतो, म्हणजे १ च्या बराच खाली जातो आणि माती घसरते. कायमस्वरूपी उतारासाठी साधारणपणे १.५ गुणांक अपेक्षित धरतात.

प्रथम माथ्यावर जाऊन, कापणीच्या उंचीइतक्या अंतरापर्यंत तरी मागे भेगा शोधाव्यात. कडेला समांतर किंवा अर्धचंद्राकृती भेग आढळल्यास तिच्या दोन्ही बाजूंना सळईचे खुंट ठोकून त्यांमधील अंतर तारखेसह लिहून ठेवावे, आणि भेग चिकणमातीने ठासून भरावी. भेगेच्या मागे, वरून येणारे पाणी अडवून बाजूला नेणारी चर काढावी. मात्र तिला अस्तर हवेच, कारण नुसती खोदलेली चर पाणी दरडीतच मुरवते. शोषखड्डा आणि टाकीचा ओव्हरफ्लो माथ्याजवळ असू नये.

जागा असेल तर उतार सौम्य करावा किंवा टप्पे पाडावेत. निघालेली माती माथ्यावर टाकू नये. पायथा खणू नये.

संरक्षक भिंतीत घोटाळा होतो तो बहुधा तिच्या पाठीमागे, जिथे नंतर कोणाला पाहता येत नाही. तीन मीटर उंच भिंतीमागे पाणी काठोकाठ साचले, तर मातीच्या दाबाशिवाय केवळ पाण्याचाच रेटा दर मीटर लांबीला सुमारे साडेचार टन होतो. म्हणून भिंतीत ७५ ते १०० मिलिमीटर व्यासाचे पाइप, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन, साधारण दीड मीटर अंतराने बसवावेत आणि त्यांची सर्वांत खालची ओळ जमिनीलगत ठेवावी. पाइपांमागे खडीचा थर व खडी आणि मातीच्या मध्ये जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारे, पण माती अडवणारे कापड) नसेल, तर ते पहिल्याच पावसाळ्यात बुजतात. मोठ्या पावसानंतरही सगळे पाइप कोरडे राहिले, तर ते चोंदल्याचा संशय घ्यावा.

वाळ्याची लागवड वरचा थर धरून ठेवते, खोलवरची घसरण थांबवत नाही. कापणी तीन मीटरपेक्षा उंच असेल किंवा जुनी भेग रुंदावत असेल, तर भूतंत्र अभियंत्याकडून (माती व खडकाच्या मजबुतीचा तज्ज्ञ) तपासणी करून घ्यावी.

पावसाळ्यात खुंटांमधील अंतर वाढणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा आटणे, झाडे व खांब कलणे, दारे अडकू लागणे, यांपैकी काहीही दिसल्यास दुरुस्तीच्या मागे न लागता घर सोडावे आणि ओढ्याची वाट टाळून, उताराला आडव्या दिशेने दूर जावे.