जावास्क्रिप्टच्या सगळ्या ऑब्जेक्टना ‘टॅप’ मेथड कशी जोडावी

साखळीत लिहिलेल्या कोडमध्ये मधेच डोकावून पाहायला ‘टॅप’ लागते: ऑब्जेक्ट फंक्शनच्या हाती द्यायचा आणि तोच परत करायचा. रूबी भाषेत ती आयती मिळते. इथे पाच-सहा ओळींची लायब्ररी पुरते.

१. फाइलच्या डोक्यावर ‘यूज स्ट्रिक्ट’ लिहा, म्हणजे कडक नियमांचा स्ट्रिक्ट मोड सुरू होतो. नाहीतर स्ट्रिंगवर ‘टॅप’ केली की ‘धिस’मध्ये (मेथड ज्यावर चालवली ती गोष्ट) मूळ स्ट्रिंगऐवजी वेष्टनातला ऑब्जेक्ट येतो आणि तिहेरी बरोबरची तुलना फसते.

२. साधं फंक्शन लिहा. अ‍ॅरो फंक्शनला स्वतःचा ‘धिस’ नसतो.

३. आता जोडणी. ऑब्जेक्टच्या प्रोटोटाइपवर (ज्यातून ऑब्जेक्टना मेथड वारशाने मिळतात) बरोबरचं चिन्ह टाकून मोकळे व्हा, असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. अशी जोडलेली मेथड प्रत्येक ‘फॉर-इन’ लूपमध्ये उगवते, दुसऱ्यांच्या कोडमध्येसुद्धा. ‘डिफाइनप्रॉपर्टी’ वापरा, तिथे ‘एन्युमरेबल’ (लूपमध्ये दिसणं) मुळातच फॉल्स असतं.

बहुतेकजण इथेच थांबतात आणि अडकतात, कारण ‘रायटेबल’ही (असाइनमेंटने बदलता येणं) मुळात फॉल्सच असतं. मग कुणी आपल्या ऑब्जेक्टला साध्या असाइनमेंटने स्वतःची ‘टॅप’ द्यायला गेलं, की स्ट्रिक्ट मोडमध्ये टाइपएरर येतो. एरवी ते असाइनमेंट मुकाट्याने गिळलं जातं. एरर दिसतो त्या ओळीत तुमच्या लायब्ररीचं नावही नसतं, शोधत बसा. ‘रायटेबल’ आणि ‘कॉन्फिगरेबल’ (पुन्हा व्याख्या करता येणं) दोन्ही ट्रू करा.

नावाचंही बघा. मूटूल्स या जुन्या जावास्क्रिप्ट लायब्ररीने अ‍ॅरेला ‘फ्लॅटन’ फार आधी जोडली होती. ब्राउझरमध्ये त्याच नावाची मेथड येऊ लागताच जुनी साइट मोडली, २०१८ मध्ये त्यावर बराच गदारोळ झाला, आणि ईएस२०१९ मध्ये (जावास्क्रिप्टच्या २०१९च्या मानकात) ती ‘फ्लॅट’ नावाने आली. म्हणून लायब्ररी इतरांना द्यायची असेल तर किल्ली म्हणून सिम्बॉलच (दुसऱ्या कशाशीही न जुळणारं खास मूल्य) वापरा. दिसायला थोडं बोजड, पण टक्कर नाही. ‘गेट’ किंवा ‘सेट’ हे नाव तर चुकूनही नको: ‘डिफाइनप्रॉपर्टी’ आपल्या डिस्क्रिप्टरमध्ये (‘व्हॅल्यू’, ‘रायटेबल’ वगैरे सांगणारा ऑब्जेक्ट) वारशाने आलेले गुणधर्मही वाचते, त्यामुळे ‘व्हॅल्यू’ असलेली पुढची प्रत्येक व्याख्या एरर देते.

४. तपासा: स्ट्रिंग, आकडा, अ‍ॅरे, आणि रिकाम्या ऑब्जेक्टवर ‘फॉर-इन’ (एकही फेरी व्हायला नको).

‘नल’ आणि ‘अनडिफाइन्ड’वर ही मेथड कधीच मिळणार नाही. ‘ऑब्जेक्ट.क्रिएट’ला ‘नल’ देऊन बनवलेल्या ऑब्जेक्टलाही प्रोटोटाइप नसतो. त्यांच्यासाठी ऑब्जेक्ट आणि फंक्शन असे दोन आर्ग्युमेंट घेणारं सुटं ‘टॅप’ फंक्शनही एक्सपोर्ट करा.