ऑटोक्रॉससाठी टायर घ्यायचेत? मग रिमचे फोटो बघणं आधी बंद करा

गेल्या महिन्यात ओळखीतल्या एका पोराचा मेसेज आला, दादा अठरा इंची रिम बघितल्यात, ब्रॉन्झ कलर, चारच्या सेटवर डिस्काउंट आहे, आज रात्रीपर्यंतच आहे, घेऊ का. मी दोनच गोष्टी विचारल्या, त्यावर टायर कुठला चढवणारेस आणि गाडी कुठल्या क्लासमध्ये, म्हणजे स्पर्धेतल्या कुठल्या गटात, पळवणारेस. दोन्हीचं उत्तर नव्हतं. हसलो नाही मी, कारण काही वर्षांपूर्वी मी अगदी हेच केलं होतं आणि माझ्या वेळी विचारणारं पण कोणी नव्हतं. त्याला फोनवर जे तासभर सांगितलं तेच इथे लिहितोय.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. मी लिहितोय ते इथल्या अमेरिकेतल्या ऑटोक्रॉसबद्दल, म्हणजे एससीसीए (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) ज्याला सोलो म्हणते ते. मोठा पार्किंग लॉट किंवा जुनी धावपट्टी, त्यावर नारिंगी कोन मांडलेले, एका वेळी एकच गाडी, घड्याळाशी शर्यत, रन साधारण मिनिटभराचा, बहुतेक वेळ दुसऱ्या गिअरमध्येच, आणि कोन पाडला की २ सेकंद दंड. भारतात ऑटोक्रॉस म्हटलं की बऱ्याचदा मातीचा ट्रॅक असतो, तिथे टायरचं गणितच वेगळं, त्यामुळे पुण्या-नाशिकची मंडळी हे वाचून मातीसाठी टायर घ्यायला जाऊ नका, शिव्या मला पडतील.

माझी गाडी २०१३ ची सुबारू बीआरझेड. कंपनीतून येताना तिच्यावर १७ बाय ७ इंचाची रिम (व्यास बाय रुंदी), ऑफसेट ४८ (म्हणजे रिम हबला टेकते ती जागा रिमच्या मध्यरेषेपासून ४८ मिलिमीटर बाहेरच्या बाजूला), आणि २१५/४५ आर१७ मापाचे (रुंदी २१५ मिलिमीटर, साइडवॉलची म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची तिच्या ४५ टक्के, रिम १७ इंच) मिशेलिन प्रायमसी एचपी टायर. गंमत म्हणजे हाच टायर टोयोटा प्रियसवर पण यायचा, मायलेजवाला! स्पोर्ट्स कारवर प्रियसचा टायर बघून लोकांनी नावं ठेवली, पण माझ्या मते शिकायला त्याच्याइतका चांगला मास्तर नाही. कमी ग्रिपचा टायर आधी ओरडतो, मग हळूहळू सरकतो, आणि तुम्हाला कळतं की आपण वळणात जास्त वेगाने घुसलो किंवा स्टिअरिंग उगाच जास्त फिरवलं. चिकट टायर या सगळ्या चुका पोटात घालतो आणि सुटला की एकदम सुटतो. म्हणून पहिला सीझन, निदान पहिले चार-पाच इव्हेंट, गाडीवर जे टायर आहेत तेच पळवा, फक्त झिजून रबराखालची जाळी दिसत नाहीये ना, भेगा नाहीयेत ना आणि नक्षी शिल्लक आहे ना एवढं बघा.

रूलबुक आधी, पाकीट नंतर

आता माझा किस्सा. मी १८ बाय ८.५ च्या रिम घेतल्या, सेकंड हँड, दिसायला एक नंबर. इव्हेंटला गेलो, नाव नोंदवताना सांगितलं स्ट्रीट क्लास, तर तिथल्या काकांनी चाकाकडे बघितलं आणि विचारलं रुंदी किती. स्ट्रीटमध्ये तेव्हा नियम असा होता की रिमचा व्यास एक इंच कमी-जास्त चालेल, ऑफसेट साधारण ७ मिलिमीटर इकडेतिकडे चालेल, पण रुंदी मात्र कंपनीची होती तेवढीच. माझी दीड इंच जास्त. झालं, उचलून टाकलं वरच्या स्ट्रीट टूरिंगमध्ये, जिथे बाकीच्यांच्या गाड्यांना कॉइलओव्हर (उंची बदलता येणारं सस्पेन्शन), रुंद टायर, काय काय, आणि माझ्या गाडीत बदललेली एकच गोष्ट म्हणजे त्या रिम. चार सेकंदांनी मागे राहिलो. मिनिटभराच्या रनमध्ये चार सेकंद म्हणजे जेवणं झाल्यावर पंगतीला पोचण्यासारखं.

नियम दर वर्षी थोडेफार हलतात, त्यामुळे चालू वर्षाचं रूलबुक उतरवून घ्या, आपल्या गाडीचा क्लास शोधा आणि त्या कॅटेगरीतलं चाकांचं आणि टायरचं प्रकरण नीट वाचा. कंटाळवाणं आहे, सोसायटीचे बाय-लॉज वाचल्यासारखं वाटतं, पण तासाभराचं काम आहे आणि हजार डॉलर वाचतात.

२०० चा आकडा

स्ट्रीट टायरच्या क्लासेसमध्ये ट्रेडवेअर (टायर किती हळू झिजतो त्याचा आकडा) किमान २०० पाहिजे, हा आकडा टायरच्या साइडवॉलवर छापलेला असतो. लोकांना वाटतं सरकारने मोजून दिलेला आकडा आहे, तसं काही नाही. टेक्सासमध्ये सॅन अँजेलोजवळ ठरलेल्या रस्त्यावर ७,२०० मैल टायर पळवून प्रमाण टायरशी झीज ताडून बघायची अशी टेस्ट आहे, पण आकडा शेवटी कंपनीच छापते. त्यामुळे २०० लिहिलेले दोन टायर शेजारी ठेवले तर एक दोन सीझन जाईल आणि दुसरा उन्हाळा संपायच्या आत टक्कल पडून बसेल, दोघेही कायदेशीर. तुमच्या रोजच्या गाडीच्या टायरवर बहुतेक ४००, ५०० असला आकडा असेल, जाऊन बघा.

नावं विचारली म्हणून सांगतो. योकोहामा ॲडव्हान ए०५२ हा पहिल्याच वळणापासून चिकटतो, थंडीतल्या सकाळी तर याला तोड नाही, पण झिजतो भराभर, आणि एकाच गाडीवर दोन ड्रायव्हर असतील तर तापून लोण्यासारखा होतो, मग दोन रनच्या मध्ये लोक बागेतला स्प्रे पंप घेऊन टायरवर पाणी मारताना दिसतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं हा माणूस टायरची पूजा करतोय. ब्रिजस्टोन आरई-७१आरएस त्याच्या बरोबरीचा, वेगात उन्नीस-बीस. हँकूक आरएस४ उलट्या स्वभावाचा, तापायला वेळ घेतो, त्यामुळे मिनिटभराच्या रनला हळू वाटेल, पण टिकतो भरपूर, महिन्यातून एक इव्हेंट करणाऱ्या आणि त्याच टायरवर ऑफिसला जाणाऱ्या माणसाला मी तोच सांगेन. फाल्कन आरटी६६० मधला मार्ग. हूजिअर वगैरे रेस टायरच्या नादाला सध्या लागू नका, क्लास वेगळा, खर्च वेगळा, डोक्याला ताप वेगळा.

घेताना साइडवॉलवरचा तारखेचा कोड नक्की बघा, शेवटचे चार आकडे, २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. ‘फक्त दोन इव्हेंट पळालेत’ म्हणून स्वस्तात मिळणारे टायर पाच-सहा वर्षांचे निघतात, नक्षी नवीकोरी पण रबर प्लॅस्टिकसारखं. नखाने दाबून बघा, नख जराही रुततच नसेल तर हात जोडून घरी या.

माप आणि रिम

टायर ठरला की माप, माप ठरलं की रिम, क्रम हाच. मूळ टायरचा व्यास काढायला सोपं आहे, २१५ च्या ४५ टक्के म्हणजे ९६.७५, दोन्ही बाजूंचे मिळून १९३.५, त्यात १७ इंचाचे ४३१.८ मिळवा, ६२५ मिलिमीटर झाले. २४५/४० आर१७ चं काढलं तर येतात जवळजवळ ६२८, म्हणजे रुंदी वाढली पण उंची तीच, म्हणून बीआरझेडवाले जिथे नियमात बसतं तिथे याच मापामागे असतात. टायर उंच घेतला तर गिअरिंग लांब होतं, कोपऱ्यातून निघताना गाडी आळसावते. फार बुटका घेतला तर निघते झटकन, पण दुसरा गिअर लवकर संपतो आणि ऐन स्लॅलममध्ये (कोनांमधून नागमोडी जाताना) लिमिटरवर, म्हणजे इंजिनाच्या कमाल आरपीएमवर, डोकं आपटत बसते.

टायर रिमवर ताणून किंवा चिमटून बसवू नका. टायर कंपनी प्रत्येक मापाला रिमची किमान-कमाल रुंदी देते, २१५/४५ आर१७ साठी ७ ते ८ इंच, २४५/४० आर१७ साठी ८ ते साडेनऊ. नियम परवानगी देत असेल तर रुंदीच्या वरच्या बाजूला रहा, साइडवॉलला आधार मिळतो आणि स्टिअरिंग फिरवल्याबरोबर गाडी ऐकते. अरुंद रिमवर रुंद टायर म्हणजे मापापेक्षा मोठी चप्पल, पाय आत वळतो आणि चप्पल जागेवर.

आता ऑफसेट, इथे भलेभले गडबडतात. समजा माझ्या १७ बाय ७, ऑफसेट ४८ च्या जागी १७ बाय ९, ऑफसेट ४२ घालायची आहे. रुंदी २ इंच वाढली म्हणजे ५०.८ मिलिमीटर, निम्मी आत निम्मी बाहेर, प्रत्येकी २५.४. ऑफसेट ६ ने कमी झाला म्हणजे अख्खं चाक ६ मिलिमीटर बाहेर सरकलं. म्हणजे आतली कड शॉकॲबकडे १९.४ ने सरकली आणि बाहेरची कड मडगार्डकडे ३१.४ ने. आता जॅक लावा, चाक जागेवर असतानाच शॉकॲब आणि रिम-टायर यांच्यात किती फट आहे ती मोजा, टायरचा फुगवटा धरायला विसरू नका, आणि दोन-तीन मिलिमीटर तरी शिल्लक राहतात का ते बघा. बाहेरच्या बाजूसाठी मी पोरीची खेळायची क्ले मडगार्डच्या आतल्या कडेला चिकटवली होती, गाडी लॉटमध्ये दोन्हीकडे पूर्ण वळवून, स्पीड ब्रेकरवरून नेऊन आणली, क्लेवर टायरचा ओरखडा दिसला की समजायचं. क्ले परत दिली नाही, त्यावरून घरी वेगळं ऐकावं लागलं.

बाकीचं पटकन सांगतो. २०१३ च्या बीआरझेडला पाच नट १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर, रिमच्या मधोमध हबसाठीचं भोक ५६.१ मिलिमीटर. बाहेरच्या बऱ्याच रिमचं भोक ७३.१ असतं, मग मध्ये ७३.१ ते ५६.१ ची रिंग बसवायची, शंभर रुपयाची वस्तू वाटते पण माझ्या त्या सेकंड हँड सेटमध्ये एक रिंग नव्हती आणि हायवेवर ६० मैलांना स्टिअरिंग असं थरथरायचं की मी दोनदा बॅलन्सिंग करून घेतलं, उगाच. नट सुबारूचे १२ बाय १.२५ आट्यांचे, होंडा-माझ्दाचे १२ बाय १.५, मित्राकडून उसने घेऊ नका. रिम फ्लो-फॉर्म्ड (ओतून मग कड फिरवत दाबून ताणलेली) घ्या, साध्या ओतीव रिमपेक्षा हलकी आणि फोर्ज्डपेक्षा (दाबाने घडवलेल्या रिमपेक्षा) बरीच स्वस्त, एन्काय, कोनिग यांच्यात चांगला माल मिळतो. वजन कमी हवंच, पण हजार डॉलर जास्त मोजून चाकामागे एक किलो वाचवण्यापेक्षा त्याच पैशात टायरचा दुसरा सेट आणि चार इव्हेंटची फी निघते.

आणि हो, चारही चाकं एकाच मापाची ठेवा. पुढे-मागे अदलाबदल करता येते. आमच्या गाड्यांना पुढची कॅम्बर (चाकाचा वरून आत झुकलेला कोन) कमी, त्यामुळे पुढच्या टायरचे बाहेरचे खांदे आधी खलास होतात, फिरवत राहिलं तर सेट जास्त टिकतो.

हवा

सगळ्यात स्वस्त स्पीड इथे आहे आणि याकडेच कोणी बघत नाही. लागतं काय, चांगला गेज, खडू आणि वही. सकाळी टायर थंड असताना हवा मोजा, मी ३५-३६ पीएसआयपासून सुरू करतो. प्रत्येक टायरच्या खांद्यावर, नक्षीपासून साइडवॉलपर्यंत, खडूने तीन ठिकाणी आडव्या रेघा मारा. बऱ्याच टायरवर खांद्याशी छोटा त्रिकोण असतो, ती लक्ष्मणरेषा समजा. रन मारून आलात की खडू कुठपर्यंत पुसलाय ते बघा. त्रिकोणाच्या खाली साइडवॉलवर गेला असेल तर टायर कलंडतोय, दोन पीएसआय वाढवा. त्रिकोणाच्या बराच वरच राहिला असेल तर हवा जास्त आहे, टायरचा खांदा कामच करत नाहीये, दोन कमी करा. मग नवीन रेघा, पुन्हा रन.

तापमानात दर १० फॅरेनहाइटच्या फरकामागे टायरमधला दाब साधारण १ पीएसआय इकडेतिकडे होतो, त्यात टायर रनने तापतो तो वेगळा, त्यामुळे सकाळी आठला लावलेली हवा दुपारी बाराला तीन-चारने चढलेली असते आणि तुम्हाला वाटतं आपण थकलो. प्रत्येक रनआधी मोजा आणि वहीत लिहा, ऊन की ढग, डांबर की काँक्रीट तेही लिहा.

चाकं तिथेच बदलणार असाल तर एक चांगली बातमी, या गाडीची मागची सीट पाडली की चार टायर आत बसतात, बनवणाऱ्यांनी तसंच माप धरलंय. नट चांदणीच्या क्रमाने, ८९ फूट-पाउंडला टॉर्क रेंचनेच, आणि एका रननंतर परत तपासा. टेक इन्स्पेक्शनला (पळवण्याआधीच्या गाडीच्या तपासणीला) चाक हलवून बघतात, तिथे नट सैल निघाला तर दिवसभर लोक तुम्हाला त्याच नावाने ओळखतात. हे टायर नोव्हेंबरनंतर उघड्या गॅरेजमध्ये ठेवू नका, गोठवणाऱ्या थंडीत कंपाउंड (टायरच्या रबराचं मिश्रण) कडक होतं आणि हलवताना तडकू शकतं, माझे बेसमेंटमध्ये गव्हाच्या पोत्याशेजारी असतात.

त्या पोराने रिम नाही घेतल्या. परवा रविवारी फोटो पाठवला, कंपनीची रिम, जुनाच टायर, खांद्यावर खडूच्या रेघा, पुढच्या डाव्या टायरची रेघ पार साइडवॉलपर्यंत पुसलेली. दादा ३४ आहे, कमी करू का? म्हटलं अरे वाढव, ३७ कर आणि पुन्हा फोटो टाक.