केसपेपरवर आपलं काम लिहून घ्या

दगडखाणीत, क्रशरवर किंवा फाउंड्रीत काम करता आणि खोकला हटत नाही? मग डॉक्टरांना लक्षणांबरोबर कामही सांगा. ‘क्रशरवर ८ वर्षं’ एवढं केसपेपरवर आलंच पाहिजे. सिलिकोसिस, म्हणजे दगड-वाळूच्या बारीक धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार, बऱ्याचदा टीबी समजला जातो आणि भरपाईचा हक्क तिथेच हुकतो. कामगारांच्या भरपाईच्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य आजारांची यादी आहे; सिलिकोसिस, कापसाच्या धुळीचा बिसिनोसिस, कामावरच्या आवाजाने आलेला बहिरेपणा, सगळे त्यात आहेत. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल तर दावा तिथेच करायचा. एक्स-रेची फिल्म टाकू नका. हजेरी कार्ड, गेटपास, पगाराची चिठ्ठी जपा. तेही नसेल तर सोबत राबलेल्यांचे जबाब घ्या. मुदत असते, म्हणून निदान होताच अर्ज करा.