जर्मनीत शिकताना शनिवार-रविवारची सहल: कागदपत्रांपासून परतीच्या गाडीपर्यंत

शुक्रवारचे शेवटचे लेक्चर संपल्यापासून रविवारी रात्री खोलीवर परतेपर्यंत हातात साधारण ४८ तास असतात. झोपेचे वजा केले की जेमतेम ३२ उरतात. म्हणून तिकिटाची किंमत बघण्याआधी दारापासून दारापर्यंतचे तास मोजा. एका बाजूचा प्रवास पाच तासांच्या आत बसत असेल तर ते ठिकाण शनिवार-रविवारचे. लिस्बन, अथेन्स, रोम ही शहरे जोडसुट्टीसाठी ठेवा. त्यासाठी साधारण मे महिन्यातला ख्रिस्ती हिमेलफार्टचा, म्हणजे येशूच्या स्वर्गारोहणाच्या सुट्टीचा, गुरुवार उत्तम. ही सुट्टी दरवर्षी गुरुवारीच येते आणि शुक्रवारी तास नसतील तर सलग चार दिवस मिळतात.

जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी आधी पैसे भरून ठेवलेल्या ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९९२ युरो मिळतात. त्यातून खोलीभाडे, विमा आणि जेवण गेल्यावर उरलेल्या पैशांत फिरता येते, फक्त सुरुवात कुठून करायची हे कळले पाहिजे. आमचे स्पष्ट मत आहे की पहिल्या सेमिस्टरला विमान विसरा आणि ज्या सेमिस्टर तिकिटाचे पैसे आधीच भरले आहेत त्यावर फिरा.

आधी कागदपत्रे

भारतीय पासपोर्ट आणि जर्मनीचे वैध रेसिडेन्स परमिट कार्ड असेल तर शेंगेनमधल्या इतर देशांत कोणत्याही १८० दिवसांत एकूण ९० दिवस राहता येते. सुरुवातीच्या काळात पासपोर्टवर असलेल्या राष्ट्रीय डी व्हिसालाही हीच सवलत आहे. जायचा आणि यायचा दिवस दोन्ही मोजले जातात, म्हणजे शुक्रवार रात्र ते रविवार हे तीन दिवस झाले. शेंगेनमध्ये आता २९ देश आहेत. क्रोएशिया २०२३ मध्ये आत आला, रोमानिया आणि बल्गेरिया जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आत आले. लंडन आणि डब्लिन या कार्डावर होत नाहीत, ब्रिटन आणि आयर्लंड या दोन्ही देशांचा व्हिसा वेगळा काढावा लागतो.

सोबत मूळ पासपोर्ट आणि मूळ कार्ड घ्या. मोबाइलमधला फोटो चालत नाही. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली आहे. रात्री दोन वाजता बस थांबवून पोलीस आत येतात, तेव्हा पासपोर्ट डिक्कीतल्या बॅगेत असून उपयोग नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो व्हिसा संपला आणि कार्ड अजून आले नाही या मधल्या काळात. त्या वेळी आउसलेंडरबेहोर्डे, म्हणजे परदेशी नागरिकांचे कार्यालय, जो तात्पुरता कागद देते, त्याला फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग म्हणतात. त्यावर जर्मनीच्या निवास कायद्यातल्या कलम ८१ च्या कोणत्या उपकलमासमोर खूण आहे ते बघा. उपकलम ३ असेल तर देशाबाहेर पाऊल टाकू नका, त्या कागदावर परत येता येत नाही. उपकलम ४ असेल तर जर्मनीत परतता येते. तरी विमानतळावरच्या कर्मचाऱ्याला हा कागद ओळखीचा असेलच असे नाही. कार्ड हातात येईपर्यंत जर्मनीतच फिरावे हे शहाणपणाचे. ड्रेस्डेन, बामबर्ग, ल्यूबेक कुठे पळून जात नाहीत.

सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डाची मागची बाजू बघितली आहे का? तेच युरोपीय आरोग्य विमा कार्ड असते आणि डेन्मार्क सोडून युरोपीय संघात तातडीच्या उपचारांना चालते. खासगी विमा घेतला असेल तर परदेशातला प्रवास त्यात येतो का, हे पॉलिसीत वाचून घ्या. आणीबाणीचा नंबर युरोपीय संघात सगळीकडे ११२.

डॉइचलँड तिकीट कुठवर नेते

डॉइचलँड तिकीट म्हणजे देशभरातल्या स्थानिक वाहतुकीचे मासिक तिकीट. ते मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झाले, जानेवारी २०२६ पासून ते ६३ युरो झाले आहे. बऱ्याच विद्यापीठांचे सेमिस्टर तिकीट म्हणजे याचीच विद्यार्थी आवृत्ती असते आणि ती मूळ किमतीच्या ६० टक्क्यांत पडते. आरबी आणि आरई या स्थानिक गाड्या, एस-बान ही उपनगरी गाडी, ट्राम, शहरातली बस, सगळे यात येते. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्या आणि फ्लिक्सट्रेन येत नाही. जर्मन रेल्वेच्या डीबी नॅव्हिगेटर अ‍ॅपमध्ये शोधताना फक्त स्थानिक गाड्या दाखवणारा पर्याय चालू करा, नाहीतर सगळे आयसीईचेच मार्ग समोर येतात.

हे तिकीट सीमेपलीकडच्या काही स्टेशनांपर्यंतही चालते. म्युनिकहून आरई५ पकडली की पावणेदोन-दोन तासांत साल्झबुर्ग मुख्य स्टेशन. फ्रायबुर्गच्या बाजूने बाझेल बाडिशर बानहोफ. नेदरलँड्सच्या बाजूला फेन्लो. स्ट्रासबुर्गला मात्र ते पोचत नाही, सीमेवरच्या केल या जर्मन गावापर्यंतच चालते. पण केलला उतरून ऱ्हाइनवरचा पादचारी पूल चालत ओलांडला की तुम्ही फ्रान्समध्ये आहात. पुढे शहरात जायला डी ट्राम, तिचे तिकीट तेवढे वेगळे काढायचे.

बाझेलबद्दल दोन गोष्टी. तिथे हॉटेलात किंवा होस्टेलात मुक्काम केला तर बाझेल कार्ड मिळते आणि त्यावर शहरातली ट्राम-बस मोफत असते. आणि स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसल्याने तुमच्या सिमचे मोफत रोमिंग तिथे बऱ्याच प्लॅनमध्ये चालत नाही. सीमा येण्याआधी मोबाइल डेटा बंद करा आणि नकाशा आधीच उतरवून ठेवा.

पहिली सहल: कोलोन ते लक्झेंबर्ग

नमुना म्हणून ही सहल नीट मांडतो, कारण इतक्या कमी खर्चात दुसरा देश क्वचितच बघायला मिळतो. लक्झेंबर्गमध्ये २९ फेब्रुवारी २०२० पासून रेल्वे, ट्राम, बस सगळ्यांसाठी मोफत आहे, पर्यटकांनाही. फक्त रेल्वेचा पहिला वर्ग सोडून. म्हणजे सीमेपर्यंत डॉइचलँड तिकीट, पुढे काहीच नाही.

शनिवारी सकाळी सात-साडेसातला कोलोनहून कोब्लेन्झकडे जाणारी आरई पकडा. कोब्लेन्झला गाडी बदलायची. तिथून मोझेल नदीच्या काठाने ट्रीअरमार्गे लक्झेंबर्गला जाणारी आरई११ सुटते, आणि इथेच लोक चुकतात. कोब्लेन्झ ते ट्रीअर ही गाडी आरई१ ला जोडलेली असते. ट्रीअरला दोन्ही भाग सुटे होतात. एक लक्झेंबर्गला जातो, दुसरा सारब्र्युकेनकडे. लक्झेंबर्गचा भाग म्हणजे दुमजली डबे, त्यावर सीएफएल (लक्झेंबर्गची रेल्वे) अशी अक्षरे असतात. एकमजली डब्यात बसलात तर गाडी बरोबर आणि डबा चुकीचा अशी गत होते. चढताना डब्याच्या दारावरची पाटी वाचा, आणि चुकून दुसऱ्या भागात बसलाच असाल तर ट्रीअरला उतरून फलाटावरूनच बदला. दोन्ही भागांत आतून जायला वाट नसते. बसायची जागा वरच्या मजल्यावर धरा, कोखेमपर्यंतची द्राक्षमळ्यांची उतरण तिथून छान दिसते.

दुपारपर्यंत लक्झेंबर्ग स्टेशन येते. बाहेरून ट्रामने जुन्या शहरात जा. कोर्निशचा कड्यावरचा रस्ता, बोकचा किल्ला, तिथून सें-एस्प्रीच्या पठारावरची लिफ्ट घेऊन खाली ग्रुंड वस्तीत. मग आल्झेट नदीच्या काठाने चालत पफाफेंटालपर्यंत आणि तिथल्या काचेच्या लिफ्टने परत वर. दोन्ही लिफ्ट मोफत आहेत. एवढ्याला रमतगमत चार तास पुरतात. बोकच्या आतली भुयारे बघायला मात्र तिकीट लागते.

मुक्काम लक्झेंबर्गला करू नका, हॉटेले खिशाला परवडत नाहीत. संध्याकाळच्या गाडीने तासाभरात ट्रीअरला या आणि तिथे राहा. रविवारी पोर्टा निग्रा ही रोमन वेस, कॉन्स्टंटिनची बॅसिलिका आणि शाही स्नानगृहांचे अवशेष अर्ध्या दिवसात पायी होतात. कार्ल मार्क्सचा १८१८ चा जन्म याच गावातला, ते घर आता संग्रहालय आहे. दुपारी तीनच्या आसपास निघालात तर रात्री वेळेत घरी.

लांबचा पल्ला: रेल्वे, बस की विमान

आयसीईने जायचे असेल तर २७ वर्षांखालच्यांसाठी सुपर श्पारप्राइस यंग हा भाडेप्रकार आधी बघा. शुक्रवार दुपार आणि रविवार संध्याकाळ सर्वांत महाग असते. शनिवारी पहाटे निघून रविवारी दुपारी परतण्याची तयारी असेल तर भाडे बरेच उतरते. ही स्वस्त तिकिटे ठरावीक गाडीपुरती असतात आणि सुपर श्पारप्राइस रद्द करता येत नाही. पण पोचायला २० मिनिटांहून अधिक उशीर होणार असे दिसले की ते बंधन सुटते आणि दुसरी गाडी पकडता येते. तासाभराच्या उशिराला २५ टक्के आणि दोन तासांच्या उशिराला ५० टक्के भाडे परत मिळते. हा अर्ज अ‍ॅपमधूनच होतो, आळस करू नका. बानकार्ड हे भाड्यातल्या सवलतीचे कार्ड घेतले असेल तर ते रद्द केल्याशिवाय आपोआप पुढे सुरू राहते, म्हणून घेतल्या दिवशीच मुदतीची आठवण फोनमध्ये लावा.

भारतीय पासपोर्ट असला तरी तुम्ही युरोपचे रहिवासी आहात, त्यामुळे तुम्हाला इंटररेल पास लागतो. युरेल हा युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी. पण एका शनिवार-रविवारसाठी पास परवडत नाही, तो सेमिस्टरच्या सुट्टीतच काढावा.

विमानाचा हिशोब नीट करा. वीस युरोंच्या तिकिटात शहरापासून लांबचा विमानतळ येतो. पॅरिसचे म्हणून सांगितलेले बोवे पॅरिसपासून ८० किलोमीटरवर आहे, फ्रँकफर्टचे हान १२० च्या आसपास, म्युनिकचे मेमिंगेन ११० वर. दोन्ही टोकांच्या बसचे भाडे आणि वेळ धरला की कोलोन-पॅरिससारख्या मार्गावर रेल्वे किंवा बसच सरस ठरते.

तरी विमानानेच जाणार असाल तर बॅग मोजून घ्या. रायनएअर आणि विझएअरची मोफत बॅग ४० × ३० × २० सेंटिमीटर, म्हणजे २४ लिटरची. कॉलेजच्या भरलेल्या सॅकचा पुढचा कप्पा फुगला की ती चौकटीत बसत नाही, आणि गेटवरचा दंड तिकिटापेक्षा जास्त असतो. ऑनलाइन चेक-इन घरूनच करा. बोर्डिंग पासवर व्हिसा तपासणीची सूचना आली असेल तर सामान नसले तरी आधी काउंटरवर जाऊन पासपोर्ट आणि कार्ड दाखवा. हे न करता थेट गेटवर गेलेले विद्यार्थी तिथून परत पाठवले जातात.

खाणे, पैसे, संग्रहालये

मेथीचे ठेपले, धपाटे, चिवडा, कोरडी शेंगदाण्याची चटणी हे दोन दिवस उत्तम टिकते. लोणचे, तूप आणि तेलातली चटणी विमानतळावर द्रवपदार्थात मोजतात, म्हणून डबी १०० मिलीच्या आत हवी. जर्मनी आणि ऑस्ट्रियात रविवारी सुपरमार्केट बंद असतात. रविवारचे पाणी आणि फळे शनिवारी संध्याकाळीच घ्या, राहिलेच तर मोठ्या रेल्वे स्टेशनातले दुकान उघडे असते.

प्राग, बुडापेस्ट, क्राकूव्ह इथे युरो चालत नाही. कार्ड मशीन किंवा एटीएम "युरोत पैसे कापू का?" असे विचारते, तेव्हा नेहमी स्थानिक चलन निवडा. युरो निवडलात की ते मशीन आपला चढा दर लावते. प्रागमध्ये कागदी तिकीट काढून भागत नाही, पहिल्यांदा चढताना ते पिवळ्या यंत्रात छापून घ्यावे लागते. इटलीतही स्थानिक गाडीचे कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापले नाही तर दंड होतो. तपासनीसापुढे "माहीत नव्हते" चालत नाही.

पॅरिसला जाणाऱ्या २६ वर्षांखालच्या विद्यार्थ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. लूव्र, ऑर्से, व्हर्साय इथे युरोपीय संघात राहणाऱ्या तरुणांना प्रवेश मोफत आहे, आणि यात नागरिकत्व नसले तरी रेसिडेन्स परमिट पुरते. कार्ड दाखवा, विद्यार्थी ओळखपत्र त्यासाठी पुरत नाही. लूव्रची वेळ मात्र ऑनलाइन आधी धरून ठेवा. लूव्र मंगळवारी आणि ऑर्से सोमवारी बंद असते. इटलीतली तरुणांची दोन युरोंची सवलत मुख्यतः युरोपीय नागरिकांसाठी आहे, पण तिथली सरकारी संग्रहालये महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांना मोफत असतात. माद्रिदच्या प्रादोमध्ये १८ ते २५ वयाच्या विद्यार्थ्यांना मोफत प्रवेश आहे, पासपोर्ट कुठलाही असो. व्हेनिसला वसंतात-उन्हाळ्यात ठरावीक शनिवार-रविवारी दिवसापुरते येणाऱ्यांना प्रवेशशुल्क भरावे लागते. २०२४ मध्ये ते पाच युरोंनी सुरू झाले, आयत्या वेळी नोंदवले तर जास्त पडते.

होस्टेल घेताना चादर आणि शहराचा पर्यटन कर किमतीत धरला आहे का ते बघा. ॲमस्टरडॅममध्ये हा कर १२.५ टक्के आहे, बिल बघून धक्का बसतो. लॉकरला कुलूप आपलेच न्या.

परतीचे नियोजन

रविवारी शेवटच्या गाडीवर विसंबू नका, तिच्या आधीची धरा. रुळांची कामे मुद्दाम शनिवार-रविवारी काढतात आणि गाडीऐवजी बस लावतात. ती बस स्टेशनाच्या बाहेरून, कधी मागच्या बाजूने सुटते आणि वेळ दीडपट लागतो. म्हणून शुक्रवारी रात्री आणि रविवारी सकाळी, दोनदा अ‍ॅपमध्ये परतीचा मार्ग तपासा. साल्झबुर्गहून येताना फ्राइलासिंगला पोलीस तपासणीसाठी गाडी थांबते, तेव्हा म्युनिकच्या जोडगाडीसाठी निदान पाऊण तासाची सवड ठेवा. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळे बदलतात. मार्चमध्ये तर एक तास चक्क कमी होतो, म्हणून त्या सकाळचे सहाचे विमान घेऊच नका.