पदेराच्या हिशेबातून पूर्णांकांचे गुणधर्म कसे शिकवावेत

बहुतेक पुस्तकांत ऋण संख्यांची ओळख शून्याखालच्या तापमानाने करून दिलेली असते. लेहमधला पारा उणे दहावर गेल्याची बातमी मूल ऐकते खरे, पण गोव्यात पारा शून्याच्या आसपासही फिरकत नसल्यामुळे ती त्याच्यासाठी दूरची गोष्टच राहते. याहून मोठी अडचण अशी की तापमानावरून संख्यांचा लहानमोठेपणा समजतो, क्रिया समजत नाहीत; उणे पाच अंश आणि उणे तीन अंश यांची बेरीज करण्याचे प्रत्यक्षात कोणाला कारणच पडत नाही. गुणधर्म हे क्रियांचे असतात, म्हणून ज्यात बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार हे सगळे सहज घडते असा व्यवहार निवडावा. सकाळी सायकलवरून भोंगा वाजवत घरोघरी पाव विकायला येणाऱ्या पदेराचा (गोव्यातल्या पाववाल्याचा) महिन्याचा हिशेब या कामाला फार सोयीचा आहे.

साहित्य थोडेच लागते: एक वही, मूठभर काजूच्या बिया आणि मूठभर चिंचोके. एक बी म्हणजे +१ आणि एक चिंचोका म्हणजे −१. एक बी व एक चिंचोका एकत्र आले की ती जोडी बाजूला काढायची, कारण तिची किंमत शून्य. हा एवढा नियम मुलाच्या हातात पक्का बसल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पहिली पायरी : शून्य कुठे धरायचे ते ठरवावे

शून्य म्हणजे ‘काहीच नाही’ ही समजूत प्राथमिक वर्गातून आलेली असते आणि ती इथे आड येते. पूर्णांकांत शून्य ही आपण ठरवलेली खूण असते. हे दाखवायला खाजन शेतीसारखे उदाहरण नाही. खाजन जमिनी भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असतात. बांध खारे पाणी अडवतो आणि मानशीची (बांधातल्या पाणी सोडण्याच्या वाटेची) दारे ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडतात. भरतीची पातळी शून्य धरली, तर समजा बांधाचा माथा +८० सेंटीमीटरवर आणि शेत −६० सेंटीमीटरवर येईल. आता शेताची पातळीच शून्य धरायला सांगावे. भरतीची पातळी +६० होते, माथा +१४० होतो, आणि जमीन तर तसूभरही हललेली नसते. याच चित्रावर −६० हे −४० पेक्षा लहान का, हेही विचारून घ्यावे, कारण साठ हा आकडा मोठा दिसतो म्हणून मुले इथे हमखास फसतात.

मग वहीकडे यावे. आपण आगाऊ दिलेले पैसे धन आणि पदेराला द्यायचे राहिलेले पैसे ऋण, असे आपल्या घराच्या बाजूने ठरवावे. (पदेराच्या वहीत हीच चिन्हे उलटी असतील; चुणचुणीत मूल हे स्वतःच बोलून दाखवते.) एक पाव पाच रुपयांना धरला आणि रोज चार पाव घेतले, तर रोजची नोंद −२० होईल.

दुसरी पायरी : बेरीज

आज वीस रुपयांचे पाव उधारीवर घेतले आणि उद्या पन्नास रुपये दिले, किंवा आधी पन्नास दिले आणि मग पाव घेतले. हिशेब दोन्ही वेळा +३० वर येतो. म्हणजे (−२०) + ५० = ५० + (−२०). हाच क्रमनिरपेक्षतेचा गुणधर्म. साहचर्यासाठी, म्हणजे कोणत्या दोन संख्या आधी मिळवल्या याने फरक पडत नाही हे दाखवायला, तीन नोंदी घ्याव्यात: −२०, +५०, −३०. पहिल्या दोन आधी मिळवल्या तर ३० + (−३०) = ०, शेवटच्या दोन आधी मिळवल्या तर (−२०) + २० = ०. उदाहरण जुळले म्हणजे नियम सिद्ध झाला, असे मात्र मुलाला सांगू नये. ‘न जुळणारे उदाहरण शोधून दाखव’ असे आव्हान द्यावे आणि त्याला बराच वेळ शोधू द्यावे.

या गुणधर्मांचा फायदा दिसला नाही तर ते नुसते नावापुरते उरतात. (−४७) + ६८ + ४७ हे उदाहरण द्यावे. −४७ आणि ४७ शेजारी आणता येतात, त्यांची बेरीज शून्य होते आणि उत्तर ६८. इथेच विरुद्ध संख्या आणि अविकारक शून्य या दोन्ही गोष्टी सांगून टाकाव्यात. ज्या दिवशी पदेर आलाच नाही त्या दिवसाची नोंद शून्य. ती मिळवल्याने हिशेब बदलत नाही.

तिसरी पायरी : वजाबाकी, आणि इथे थांबावे

बहुतेक गोंधळ याच टप्प्यावर होतो, त्यामुळे इथे घाई करू नये. ‘उणे उणे अधिक’ ही घोषणा मुलाने आधीच कुठून तरी उचललेली असते, आणि मग ते (−३) + (−२) चे उत्तरही +५ सांगते. ती घोषणा काही काळ बाजूला ठेवायला सांगावे.

३ − (−२) हे उदाहरण बियांनी करावे. पाटावर तीन बिया आहेत आणि दोन चिंचोके काढून घ्यायचे आहेत, पण पाटावर चिंचोका एकही नाही. मुलाला क्षणभर अडू द्यावे. नंतर दोन जोड्या, म्हणजे दोन बिया आणि दोन चिंचोके, पाटावर ठेवायला सांगाव्यात. जोडीची किंमत शून्य असल्याने मूळच्या तीनमध्ये काही फरक पडत नाही. आता दोन चिंचोके उचलता येतात आणि पाटावर पाच बिया उरतात. वहीच्या भाषेत याचा अर्थ दोन रुपयांचे देणे माफ झाले, म्हणजे आपली बाजू दोनने सुधारली. एखादी संख्या वजा करणे म्हणजे तिची विरुद्ध संख्या मिळवणे, हा नियम मूल अशा चार-पाच उदाहरणांनंतर आपल्याच शब्दांत मांडते.

वजाबाकीत काय मोडते तेही इथेच दाखवावे. ५० − २० = ३०, पण २० − ५० = −३०. क्रम बदलताच उत्तराची विरुद्ध संख्या आली, हे मुलाच्या लक्षात आणून द्यावे. नुसते ‘जमत नाही’ म्हणून सोडू नये. साहचर्यही मोडते: (१० − ४) − ३ = ३, तर १० − (४ − ३) = ९. उलट, एक गोष्ट पूर्णांकांमुळे नव्याने साधते. नैसर्गिक संख्यांत ५ − ८ ला उत्तरच नव्हते, पूर्णांकांत ते −३ आहे. कोणत्याही दोन पूर्णांकांची वजाबाकी पूर्णांकच येते. बेरीज आणि गुणाकार यांचेही तसेच. याला संवृतता म्हणतात.

चौथी पायरी : गुणाकार आणि वितरण

३ × (−२०) म्हणजे तीन दिवसांच्या नोंदी, म्हणून −६०. (−२०) × ३ चा अर्थ तसा सरळ लावता येत नाही. तिथे क्रमनिरपेक्षता वापरून तेच उत्तर घ्यावे. एकाने गुणल्यास संख्या तशीच राहते, शून्याने गुणल्यास शून्य येते, यावर जास्त वेळ घालवण्याची गरज नाही.

दोन ऋण संख्यांच्या गुणाकारासाठी पुन्हा वही उघडावी. महिनाअखेरीस असे दिसले की आपण दोन दिवस गावी होतो, पाव घेतलेच नव्हते, तरी त्या दिवशी प्रत्येकी −२० लिहिले गेले आहे. त्या दोन नोंदी खोडल्या. नोंदी लिहिणे धन आणि खोडणे ऋण धरले, तर हा गुणाकार (−२) × (−२०) झाला, आणि हिशेब चाळीस रुपयांनी आपल्या बाजूला सरकला: +४०. दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन येतो हा नियम ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये लिहून ठेवला, तोही धन आणि ऋण याच शब्दांत. तेव्हा वहीचे उदाहरण काही आपली नवी युक्ती नव्हे.

मोठ्या मुलाला मात्र गोष्टीवर न थांबता कारणही द्यावे, आणि ते वितरणाच्या गुणधर्मातून मिळते. २० + (−२०) = ०, म्हणून (−२) × [२० + (−२०)] हेही शून्यच. वितरणाने, म्हणजे कंसातल्या प्रत्येक संख्येला बाहेरच्या संख्येने वेगवेगळे गुणून, कंस सोडवला की (−२) × २० + (−२) × (−२०) = ० असे मिळते. पहिले पद −४० आहे. मग −४० मध्ये काय मिळवले की शून्य येते? ४० शिवाय दुसरे काही चालणारच नाही. माझ्या मते या सगळ्या विषयातला हाच सर्वांत सुंदर युक्तिवाद आहे आणि तो सातवीतल्या मुलाला पूर्ण पेलतो.

वितरणाचा व्यवहारातला उपयोग सोपा आहे. रोज वीस रुपयांचे पाव आणि दहाच्या पोळ्या (पोई, म्हणजे गव्हाच्या कोंड्याचे पाव) घेतल्या, तर सहा दिवसांचे देणे ६ × [(−२०) + (−१०)]. वेगवेगळे गुणून मिळवले तरी −१८०. तोंडी गणितातही तो कामाला येतो: ९८ × (−५) हे (१०० − २) × (−५) असे मांडले की −५०० + १०, म्हणजे −४९०.

भागाकाराला थोडाच वेळ पुरतो. (−६०) ÷ ३ = −२०, पण (−७) ÷ २ चे उत्तर पूर्णांक नाही, म्हणून इथे संवृतता नाही. क्रमनिरपेक्षताही नाही आणि साहचर्यही नाही: [(−१२) ÷ ६] ÷ २ = −१, तर (−१२) ÷ (६ ÷ २) = −४. शून्याने भागता येत नाही, याची आठवण द्यावी.

पाचवी पायरी : नावे आणि तक्ता

नावे शेवटी द्यावीत. गोव्यात चौथीपर्यंत मराठीतून शिकलेली बहुतेक मुले पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जातात, त्यामुळे हा धडा त्यांना क्लोजर, कम्यूटेटिव्ह, असोसिएटिव्ह, डिस्ट्रिब्यूटिव्ह अशा शब्दांतच भेटतो. घरी संवृतता, क्रमनिरपेक्षता, साहचर्य, वितरण हे शब्द त्यांच्या शेजारी लिहून ठेवावेत. मग वहीत एक तक्ता आखून उभ्या बाजूला चार क्रिया आणि आडव्या बाजूला संवृतता, क्रमनिरपेक्षता आणि साहचर्य घ्यावे. वितरण दोन क्रियांना जोडणारे असल्याने ते तक्त्याखाली वेगळे लिहावे. गुणधर्म लागू असेल तिथे मुलाने बरोबरची खूण करावी. लागू नसेल तिथे नुसती फुली चालणार नाही, नियम मोडणारे स्वतःचे उदाहरण त्या चौकटीत लिहिलेच पाहिजे.

समजले की नाही हे पाहायला (−२५) × ३७ × (−४) द्यावे. मूल डावीकडून सुरुवात करून −९२५ आणि मग ३७०० काढत असेल तर अडवू नये, उत्तर बरोबरच आहे. त्यानंतर −२५ आणि −४ आधी एकत्र आणून १०० × ३७ करता येते का, आणि तसे करताना तक्त्यातल्या कोणत्या दोन चौकटींचा आधार घेतला, एवढेच त्याला विचारावे.