तृतीयपंथी व्यक्तीला अटक झाली, तर पहिल्या दिवशी काय करायचं

फोन नेहमी उशिरा येतो. नागपुरातली एखादी गुरू रडत सांगते, "ताई, माझी चेला आत गेली," तोवर न्यायालयीन कोठडी झालेली असते. म्हणून अटक कळली की त्याच दिवशी सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात जाऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा. कोठडीतल्या माणसाला कमाई न पाहता मोफत वकील मिळतो.

दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करतात ती वेळ सोडू नका. तुरुंगात पाठवायचं वॉरंट तिथेच निघतं. एकीच्या आधारवर जुनं, पुरुषाचं नाव होतं. वॉरंटवरही तेच आलं. तिची रवानगी पुरुषांच्या बरॅकीत झाली. मुलाकातीला गेले तेव्हा जाळीपलीकडे ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत बसली होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "ताई, आठ दिवस झाले, आंघोळ नाही केली." तेव्हापासून तुरुंगात कुठे आणि कसं ठेवावं, यासाठी न्यायालयाला करायच्या प्रत्येक अर्जात मी आंघोळीचा मुद्दा वेगळा लिहिते.

अर्जात ती स्वतःची ओळख काय सांगते ते आधी लिहा. जिल्हाधिकाऱ्यांचं ओळख प्रमाणपत्र असेल तर जोडा, नसेल तर त्यासाठी थांबू नका. चालू औषधं, आधी झालेली मारहाण, झडती कोणी घ्यावी, हेही लिहा. सोबत केंद्रीय गृह मंत्रालयाचं 10 जानेवारी 2022 चं पत्र लावाच. त्यात तृतीयपंथी बंद्यांसाठी वेगळा कक्ष, वेगळं शौचालय आणि न्हाणीघर सांगितलं आहे. पण त्यापायी माणूस एकटा पडू नये, हेही बजावलं आहे. ही ओळ अधोरेखित करा, नाहीतर 'सुरक्षे'च्या नावाखाली एकांत कोठडी नशिबी येते.

"महिला बरॅकीतच ठेवा" असं लिहायचं का? आधी तिलाच विचारा. कुणाला तिथेच सुरक्षित वाटतं, कुणाला तिथल्या टोमण्यांची धास्ती असते. आणि आतल्या बायकांची भीती मी खोटी मानत नाही. त्यांच्यातल्या कितीतरी जणी आयुष्यभर मार खाऊन आलेल्या असतात. स्कॉटलंडमध्ये 2023 साली बलात्काराचा दोष सिद्ध झालेल्या ट्रान्स स्त्रीला आधी महिला तुरुंगात नेलं, मग ओरड झाल्यावर पुरुषांच्या तुरुंगात हलवलं. स्त्रियांवरच्या लैंगिक गुन्ह्याचा आरोप असेल तर मी महिला बरॅक मागत नाही, वेगळा सुरक्षित कक्ष मागते. पण त्या एका खटल्याचं माप बाजारात टाळी वाजवून पोट भरणाऱ्या पोरीला लावून तिला पुरुषांत ढकलणं हा अन्याय आहे. कुणापासून कुणाला धोका, ते नेमकं लिहा, म्हणजे न्यायालयाला त्या माणसाकडे बघून ठरवता येतं.

आदेश झाला की नक्कल काढा, तुरुंग अधीक्षकांकडे द्या, पोच घ्या. आणि पुढच्या तारखेला ती दिसली की पहिल्यांदा आंघोळीचं विचारा.